२४ तास सायकल, रात्रभर जागरण : माउंटन बाइकच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत हौशी सायकलस्वाराच्या शरीराचं नेमकं काय होतं?

कोजागिरीच्या आदल्या रात्री सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर उभं राहिलं की एक गोष्ट लक्षात येते. सोलापूरकरांना सहनशक्ती म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. लाखो माणसं सुमारे ४५ किलोमीटर चालत तुळजाभवानीच्या दर्शनाला निघालेली असतात. त्यात कॉलेजची पोरं असतात, साठी ओलांडलेल्या आज्या असतात, दिवसभर दुकान सांभाळून रात्री निघालेले व्यापारीही असतात. रस्त्याच्या कडेला कुणी चहा देतं, कुणी केळी, कुणी पाय चोळून देतं. पहाटे तीन-चारच्या सुमाराला सगळ्यात जास्त माणसं रस्त्याकडेला बसलेली दिसतात. पाय संपलेले नसतात, पण डोळे मिटायला लागलेले असतात.

आता हेच चित्र सायकलवर आणा. रस्ता डांबरी नाही, दगडमातीचा आहे. पुढे घाट आहे, उतारावर खड्डे आहेत, अंधार आहे आणि हे एक रात्र नाही तर पूर्ण २४ तास चालणार आहे. किंवा रोज सात-आठ तास, असं आठवडाभर. याला म्हणतात एन्ड्युरन्स माउंटन बाइक रेसिंग.

यात उतरणारे बहुतेक लोक व्यावसायिक खेळाडू नसतात. ते डॉक्टर, वकील, शिक्षक, दुकानदार असतात. सोमवारी सकाळी त्यांना कामावर हजर व्हायचं असतं. मग अशा माणसाच्या शरीराचं आणि डोक्याचं या शर्यतीत काय होतं? आणि सोलापूरसारख्या सपाट, तापट शहरातल्या माणसाला हे जमू शकतं का? एकेक करून पाहू.

आधी हा प्रकार नेमका काय आहे?

माउंटन बाइक म्हणजे जाड, खाचांचे टायर आणि पुढे धक्के सोसणारं सस्पेन्शन असलेली सायकल. ही सायकल जन्मली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात. १९७०च्या दशकात मरिन काउंटी भागातली काही तरुण मंडळी जुन्या, जड सायकली डोंगरावर न्यायची आणि मातीच्या वाटेवरून सुसाट खाली यायची. १९७६ मध्ये त्यांनी याची शर्यतच सुरू केली. तिचं नाव 'रिपॅक'. एका उतारातच मागच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून जळून जायचं आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणून हे नाव पडलं.

पुढे या खेळाचे अनेक प्रकार झाले. ऑलिम्पिकमध्ये १९९६ पासून जी माउंटन बाइक शर्यत होते, ती साधारण दीड तासाची असते. लांब पल्ल्याच्या शर्यतींचं जग मात्र वेगळं आहे. त्यात मुख्य चार प्रकार येतात.

पहिला, मॅरेथॉन. एका दिवसात ६० ते १६० किलोमीटर डोंगरवाटा.

दुसरा, २४ तासांची शर्यत. ठरावीक वाटेवर फेऱ्या मारायच्या आणि २४ तासांत ज्याच्या जास्त फेऱ्या, तो जिंकला.

तिसरा, अनेक दिवसांची टप्प्याटप्प्याची शर्यत. रोज एक टप्पा, रात्री तंबूत मुक्काम, सकाळी पुन्हा सुरू. दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक ही २००४ पासूनची शर्यत यातली सगळ्यात नावाजलेली. तिथे दोघांची जोडी असते आणि वाटेत जोडीदारापासून दोन मिनिटांपेक्षा जास्त लांब राहता येत नाही. आपल्याकडे हिमाचल प्रदेशात २००५ पासून होत आलेली एमटीबी हिमालय याच जातकुळीतली.

चौथा, स्वतःचं सामान स्वतः वाहून नेण्याचा. कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणारी टूर डिव्हाइड ही सुमारे ४,४०० किलोमीटरची शर्यत यात येते. तिथे सपोर्ट गाडी नसते आणि मदतीला आपली माणसंही नसतात.

एका माणसाने चार नावांनी अर्ज भरला

२४ तासांच्या माउंटन बाइक शर्यतीची सुरुवात १९९२ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात झाली. तेव्हा ती चौघांच्या संघासाठी होती. एकाने फेरी मारायची, बाकीच्यांनी विश्रांती घ्यायची. एकटा माणूस २४ तास चालवेल, हे आयोजकांच्या डोक्यातही नव्हतं.

१९९६ मध्ये जॉन स्टॅमस्टॅड नावाच्या सायकलपटूला ही शर्यत एकट्याने करायची होती. नियमात तशी सोय नव्हती. मग त्याने चौघांचा संघ म्हणून अर्ज भरला आणि चारही जागी स्वतःचंच नाव थोडं थोडं बदलून लिहिलं. चौघांच्या वाटच्या फेऱ्या त्याने एकट्याने मारल्या. त्यानंतर 'सोलो' हा प्रकार रुजला आणि आज २४ तासांच्या शर्यतींत तोच सगळ्यात मानाचा समजला जातो.

दुसरी गोष्ट लेडव्हिल गावाची. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात ३,००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर हे खाणकामगारांचं गाव आहे. १९८०च्या दशकात तिथली मोठी खाण बंद पडली आणि गाव बेरोजगार झालं. गिरण्या बंद पडल्यावर शहराचं काय होतं, हे सोलापूरला सांगायला नको. तेव्हा केन क्लाउबर या खाणकामगाराने १९८३ मध्ये १०० मैल धावण्याची शर्यत सुरू केली. हिशेब साधा होता. एवढी लांब शर्यत असेल तर लोकांना गावात मुक्काम करावाच लागेल, म्हणजे हॉटेल आणि दुकानं चालतील. १९९४ मध्ये त्याला १०० मैलांच्या माउंटन बाइक शर्यतीची जोड मिळाली. १२ तासांच्या आत जो पूर्ण करेल त्याला पट्ट्याचं बक्कल बक्षीस. रोख रकमेपेक्षा त्या बक्कलसाठी हौशी लोक वर्षभर घाम गाळतात.

डोंगरातले १०० किलोमीटर आणि हायवेचे १०० किलोमीटर वेगळे का?

रोज सकाळी हायवेवर ५० किलोमीटर मारणाऱ्याला वाटतं, '१०० किलोमीटर काय, होऊन जाईल'. इथेच पहिला फटका बसतो.

एक साधा हिशेब पाहा. सोलापूर ते तुळजापूर चढण साधारण २०० मीटरची, तीही बहुतेक शेवटच्या घाटात. डोंगरातल्या लांब शर्यतीत एका दिवसात २,००० मीटर चढण असणं अगदी सामान्य. म्हणजे तुळजापूरचा चढ एका दिवसात दहा वेळा. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरलं, तर एवढं वजन २,००० मीटर वर उचलायला प्रत्यक्ष सुमारे ४०० किलोकॅलरी लागतात. पण शरीराचं इंजिन खर्च केलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव भागच पेडलवर उतरवतं, बाकीची उष्णता होते. म्हणजे फक्त चढण्यासाठी १,६०० किलोकॅलरी किंवा जास्त. माती, दगड आणि वारा यांच्याशी होणारी झटापट वेगळीच.

शिवाय हायवेवर पुढच्या सायकलच्या मागे राहिलं की वारा कमी लागतो आणि बरीच ताकद वाचते. डोंगरातल्या अरुंद वाटेवर वेगच कमी असल्याने हा फायदा जवळपास संपतो. उतारावर पाय आराम करतात, पण हात, खांदे आणि कंबर यांना सुट्टी नसते. पहिल्यांदा उतरलेल्या अनेकांना दुसऱ्या दिवशी पायापेक्षा तळहात आणि पाठ जास्त दुखतात, ते यामुळेच.

पोटातलं इंधन कधी संपतं?

शरीरात साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात असतो. तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० किलोकॅलरी. जोरात सायकल चालवली तर हा साठा दोन-तीन तासांत तळाला जातो. मग अचानक पायातला जीव गेल्यासारखं वाटतं, हात थरथरतात, चिडचिड होते, साधी बेरीज जमत नाही. सायकलवाल्यांच्या भाषेत याला 'बाँक' म्हणतात.

यावर उपाय म्हणजे खात राहणं. पण पोटालाही मर्यादा आहे. आतडं ग्लुकोज तासाला साधारण ६० ग्रॅम शोषू शकतं. फ्रुक्टोज जोडलं आणि सराव असेल तर ९० ग्रॅमपर्यंत जातं. ६० ग्रॅम म्हणजे २४० किलोकॅलरी. इकडे खर्च तासाला ५०० किंवा अधिक. म्हणजे प्रत्येक तासाला तूट राहणारच. ती तूट चरबीतून भागते, पण चरबी हळू जळते. म्हणूनच लांब पल्ल्याच्या शर्यतीत जिंकायचं असो वा पूर्ण करायचं असो, वेग असा ठेवावा लागतो की बोलता बोलता सायकल चालवता यावी.

मग खायचं काय? महागडे जेल असतातच, पण एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, खजूर, गूळ, साधा भात हे पदार्थही चालतात. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मात्र शर्यतीनंतरच बरी. भाकरीतला कोंडा आणि शेंगदाण्यातलं तेल पचायला वेळ लागतो आणि जोरात चालवताना रक्त पायांकडे वळलेलं असल्याने पोट आधीच संपावर असतं. शर्यत सोडून देणाऱ्यांत पाय थकलेल्यांबरोबर पोट बिघडलेल्यांची संख्याही मोठी असते.

पाण्याचाही असाच घोळ आहे. उन्हात तासाला एक लिटरपेक्षा जास्त घाम जाऊ शकतो. घामातून मीठ जातं. कमी पाणी प्यायलं तर त्रास होतोच, पण नुसतं साधं पाणी ढसाढसा पीत राहिलं तरी रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. गंमत अशी की पाणी कमी पडल्यावरही साधारण हीच लक्षणं दिसतात, त्यामुळे सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण बिघडतं. तहान लागेल तसं पिणं आणि पाण्यात लिंबू, मीठ, साखर असणं, हा जुनाच मार्ग इथे कामाला येतो.

रात्री दोन ते पाच : खरी परीक्षा

२४ तासांच्या शर्यतीत दिवसाचे चढ कुणी विसरतं, पण रात्र कुणी विसरत नाही.

शरीराचं एक घड्याळ असतं. पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं आणि झोपेची ओढ सगळ्यात जास्त असते. हायवेवर पहाटेचे अपघात याच वेळेत जास्त होण्यामागे हेही एक कारण आहे. आता याच वेळेत हेल्मेटवरच्या दिव्याच्या प्रकाशात दगडांतून सायकल काढायची असते. दिव्याच्या झोतात खोली कळत नाही. खड्डा सावलीसारखा दिसतो आणि सावली खड्ड्यासारखी.

झोप न झालेल्या माणसाची अवस्था किती वाईट असते? याचा अभ्यास झालेला आहे. सलग १७ तास जागं राहिल्यावर प्रतिक्रिया देण्याचा वेग रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो. २४ तास जागं राहिल्यावर ती अवस्था ०.१० टक्क्यांच्या जवळ पोहोचते. भारतात गाडी चालवण्यासाठी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. थोडक्यात, रात्रभर जागलेला सायकलवाला एक थेंबही न पिता कायद्याच्या मर्यादेच्या तिप्पट प्यायलेल्यासारखा चालवत असतो.

त्याही पुढे गेलं की भास सुरू होतात. झुडपं माणसांसारखी दिसतात, कुणीतरी मागून येतंय असं वाटतं. स्लोव्हेनियाचा सैनिक युरे रोबिच याने अमेरिका आरपार जाणारी 'रेस अक्रॉस अमेरिका', म्हणजे राम ही शर्यत पाच वेळा जिंकली. तो दिवसांमागून दिवस जवळपास न झोपता चालवायचा. शर्यतीत त्याला इतके भास व्हायचे की तो सायकल टाकून नसलेल्या शत्रूशी भांडायला धावायचा. म्हणून त्याच्या टीमचा नियम ठरलेला होता. एका टप्प्यानंतर निर्णय रोबिचने घ्यायचे नाहीत, टीमने घ्यायचे. २०१० मध्ये सराव करताना मोटारीशी झालेल्या धडकेत तो गेला. सगळ्यात कणखर मानला गेलेला माणूसही रस्त्यावर किती असुरक्षित असतो, हे त्यातून दिसलं.

मान, तळहात आणि बूड

काही दुखणी या खेळाची खास आहेत. मायकेल शर्मर हा अमेरिकन सायकलस्वार १९८३ च्या राम शर्यतीत असताना त्याच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोकं वर उचलेनाच. तेव्हापासून या प्रकाराला 'शर्मर्स नेक' असं नाव पडलं. मान बुद्धीने हलत नाही, हाताने हनुवटी धरून समोर बघावं लागतं.

दुसरं दुखणं तळहाताचं. तासन्‌तास हँडलवर भार आणि खालून धक्के, यामुळे करंगळीच्या बाजूची नस दबते. करंगळी आणि अनामिका बधिर होतात. शर्यतीनंतर काही दिवस शर्टाचं बटण लावायलाही त्रास होतो. बहुतेकांचं हे हळूहळू बरं होतं, पण दुर्लक्ष केलं तर लांबतं.

तिसरं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही, ते बसण्याच्या जागेचं. घाम, घर्षण आणि दाब यामुळे पुरळ आणि गळवं येतात. सायकल मापाची नसेल तर हे पहिल्याच दिवशी सुरू होतं. म्हणूनच अनुभवी लोक नव्या सायकलवर पैसे घालण्याआधी आहे ती सायकल स्वतःच्या मापाला बसवून घ्यायला सांगतात.

महाराष्ट्रातल्या हौशी माणसांनी काय करून दाखवलं?

माउंटन बाइकच्या लांब शर्यती आपल्याकडे अजून कमी असल्या, तरी लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये महाराष्ट्राचं नाव मोठं आहे. डांबरी रस्त्यावरच्या या शर्यती असल्या, तरी झोप, पोट आणि डोकं यांचं गणित तेच.

राम ही शर्यत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटरची. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ही शर्यत ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. मर्यादा ९ दिवसांची होती. ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. एक भाऊ सायकलवर असताना दुसरा गाडीत विश्रांती घेणार, अशी ती रचना.

एकट्याने करणाऱ्यांसाठी मर्यादा १२ दिवसांची. सैन्यातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांना २०१६ मध्ये ती अर्धवट सोडावी लागली. २०१७ मध्ये ते पुन्हा गेले आणि ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही पहिल्याच प्रयत्नात ती पूर्ण केली. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, समर्थ यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही ९,००० किलोमीटरहून लांब ट्रान्स-सायबेरियन एक्स्ट्रीम शर्यतही पूर्ण केली. २०१९ मध्ये नवी मुंबईचे वकील कबीर राचुरे यांनी राम एकट्याने पूर्ण केली.

या यादीत डॉक्टर किती आहेत हे लक्षात आलं असेल. यातल्या कुणाचंही पोट सायकलवर नव्हतं. नोकरी किंवा प्रॅक्टिस सांभाळून पहाटे सराव करणारी ही माणसं. आणि पहिल्या प्रयत्नात माघार घ्यावी लागणं ही त्यांच्यासाठीही शेवटची गोष्ट नव्हती, हेही महत्त्वाचं.

सोलापुरात बसून डोंगराची तयारी होते का?

होते, पण इथल्या अडचणी इथल्याच आहेत.

पहिली अडचण चढणीची. शहराच्या आजूबाजूला सगळा माळ. बालाघाटची रांग तुळजापूरला भेटते, तो घाट पुन्हा पुन्हा चढणं हाच एक मार्ग. पण माळाचाही एक फायदा आहे. समोरून येणारा वारा. उघड्या माळावर वाऱ्याविरुद्ध दोन तास चालवणं म्हणजे न संपणारा चढच. तिथे उतार मिळत नाही, त्यामुळे पाय थांबत नाहीत.

दुसरी अडचण मातीची. सोलापूरची काळी कापसाची माती पावसात भिजली की टायरला थरावर थर चिकटते. काही मीटरांत चाक फ्रेमला घासून अडकतं. मग सायकल खांद्यावर. अशा वेळी जोर लावून पेडल मारलं तर गिअरचा मागचा हात, म्हणजे डिरेल्युअर, तुटतो. त्यामुळे पावसाळ्यात मुरमाच्या वाटा निवडायच्या आणि काळ्या रानातल्या वाटांना दिवाळीपर्यंत सुट्टी द्यायची.

तिसरी, वेड्या बाभळीचे काटे. माळावर माउंटन बाइक नेली आणि पंक्चर झाली नाही असं क्वचितच होतं. यासाठी बिनट्यूबचे टायर आणि आत पातळ सीलंट वापरतात. काटा घुसला की ते द्रव छिद्रात जाऊन घट्ट होतं. उन्हाळ्यात हे सीलंट लवकर सुकतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी तपासावं लागतं. आणि घुसलेला काटा लगेच उपटायचा नाही, घरी आल्यावर काढायचा.

चौथी, उष्णता. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशा हवेला शरीर सरावायला १० ते १४ दिवस लागतात, तेही हळूहळू वाढवत नेलं तर. घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, हृदयाचे ठोके आटोक्यात राहतात. पण सरावलेल्या शरीरालाही मर्यादा आहे. चालवताना कुणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात असू शकतो. तिथे 'थोडं बस, बरं वाटेल' चालत नाही. अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि ताबडतोब दवाखाना गाठायचा.

पाचवी आणि सगळ्यात जीवघेणी अडचण रस्त्याची. ऊस गळिताच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्रभर धावतात. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवे किंवा रिफ्लेक्टर नसतात आणि बाहेर आलेला ऊस अंधारात दिसत नाही. थंड हवेमुळे सायकलिंगचा मोसमही नेमका हाच. म्हणून रात्रीचा सराव एकट्याने नको, पुढे-मागे दोन दोन दिवे हवेत, अंगावर चमकणारं जॅकेट हवं.

सुरुवात कुठून करायची?

थेट २४ तासांच्या शर्यतीत उडी मारणं म्हणजे पोहायला न येता उजनीच्या जलाशयात उतरणं. त्यासाठी एक चांगली शिडी आहे, तिचं नाव ब्रेव्हे किंवा बीआरएम. ही शर्यत नसते. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचं, पहिला कोण आणि शेवटचा कोण याची नोंदच होत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४० तास. एका मोसमात ही चारही अंतरं पूर्ण केली की 'सुपर रँडोनर' हा किताब मिळतो. २०० ची सरासरी काढली तर ताशी १५ किलोमीटरसुद्धा नाही. हे जोराचं काम नाही, न थांबण्याचं काम आहे.

न थांबण्याचं महत्त्व २४ तासांच्या शर्यतीत आणखी कळतं. समजा एक फेरी सव्वा तासाची आहे आणि प्रत्येक फेरीनंतर 'फक्त दहा मिनिटं' थांबायचं ठरवलं. १६ फेऱ्यांत हे थांबे झाले १६० मिनिटांचे. म्हणजे दोन फेऱ्या खुर्चीत बसून गमावल्या. म्हणून अनुभवी माणूस खुर्ची ठेवतच नाही. बाटली बदलायची, तोंडात घास टाकायचा, निघायचं.

सरावाचा दुसरा भाग म्हणजे शर्यतीत जे करायचं ते आधी घरी करून पाहणं. काय खाणार, किती पिणार, दिवा किती तास चालतो, अंधारात पंक्चर काढता येतं का, तुटलेली चेन जोडता येते का. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही करायचं नाही. नवे बूट नाहीत, नवं जेल नाही.

चाळिशी ओलांडली असेल, घरात हृदयरोगाचा इतिहास असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर सुरू करण्याआधी डॉक्टरकडे जाऊन तपासणी करून घ्यावी.

थांबायचं कधी?

या खेळात 'डीएनएफ', म्हणजे पूर्ण न करणं, याची लाज वाटून माणसं नको तेवढं ओढतात. खरं तर हौशी सायकलस्वाराने सगळ्यात आधी शिकायची गोष्ट हीच आहे, की कोणतं दुखणं सोसायचं आणि कोणतं नाही.

पाय दुखणं, कंटाळा येणं, रडू येणं, 'हे मी का करतोय' असं वाटणं हे सगळ्यांना होतं. त्यासाठी खाऊन, पाणी पिऊन पुढचा अर्धा तास चालवून पाहायचं, बऱ्याचदा मळभ निघून जातं. पण छातीत दुखणं, चक्कर, असंबद्ध बोलणं, सतत उलट्या, किंवा लघवीचा रंग कोलासारखा गडद होणं ही थांबण्याची लक्षणं आहेत. गडद लघवी म्हणजे स्नायू फुटून त्यातले घटक मूत्रपिंडात साचत असल्याची खूण असू शकते आणि उशीर झाला तर मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. तसंच सायकलवर डुलकी लागली, एकदाच का होईना, तर तिथेच उतरायचं आणि २० मिनिटं झोपायचं. त्या २० मिनिटांत एक फेरी जाईल, पण रात्री ट्रॉलीच्या मागे डुलकी लागली तर काय जाईल हे सांगायला नको.

हे सगळं एकट्या माणसाला त्या अवस्थेत ठरवता येत नाही, हा रोबिचच्या टीमचा धडा इथे उपयोगी पडतो. सोबत येणाऱ्या मित्राला, भावाला किंवा बायकोला शर्यतीच्या आधी, डोकं ताळ्यावर असताना सांगून ठेवायचं : 'अमुक लक्षण दिसलं तर मला उतरव. मी भांडलो तरी ऐकू नकोस.'

कोजागिरीच्या वाटेवर हीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या घडते. पहाटे तीनला कुणी डगमगायला लागलं, की सोबतची माणसं हात धरून बाजूला बसवतात, चहा पाजतात, पाय चोळतात आणि मग ठरवतात, पुढे न्यायचं की गाडीत बसवायचं. गाडीतून दर्शनाला गेलेल्याला कुणी कमी लेखत नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा निघतोच.